कान वाचवणारी गोळी?

मोठ्या आवाजापासून कानांचे रक्षण करणाऱ्या जीवनसत्त्वांच्या आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या विकल्या जातात. त्यांच्या जाहिराती प्रयोगांचे दाखले देतात. ते प्रयोग खरे आहेत. पण जाहिरात सांगते तो निष्कर्ष त्यांतून निघतो का, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

आधी कल्पनेला न्याय देऊ. आपल्या प्रत्येक आंतरकर्णात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रचंड आवाजाने आंतरकर्णात अपायकारक मुक्त मूलके तयार होतात, तेथील रक्तपुरवठाही मंदावतो. क आणि ई जीवनसत्त्वे मुक्त मूलकांना आवरतात, मॅग्नेशियम रक्तवाहिन्या सैल करते. तेव्हा तर्क चुकीचा नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मिशिगन विद्यापीठातील प्रयोगात अ, क, ई जीवनसत्त्वे आणि मॅग्नेशियम एकत्र दिलेल्या गिनीपिगांची श्रवणहानी कमी झाली.

पण माणसांचे काय? नेहमी दाखला दिला जातो तो १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील प्रयोगाचा. ३०० नव्या सैनिकांपैकी काहींना दोन महिने रोज पेयातून १६७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिले, इतरांना तसेच दिसणारे पण मॅग्नेशियम नसलेले पेय. मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे नुकसान कमी झाले. मात्र गोळीबाराच्या वेळी हे सैनिक कानांत बोळे घालत होते! म्हणजे तुलना ‘बोळे आणि मॅग्नेशियम’ विरुद्ध ‘नुसते बोळे’ अशी होती. बोळ्यांऐवजी मॅग्नेशियम चालेल, असे हा प्रयोग कोठेच म्हणत नाही. पुढे एन-ॲसिटिलसिस्टीन या दुसऱ्या पूरक द्रव्याची चाचणी अमेरिकेच्या मरीन दलातील ५६६ जणांवर झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मुख्य कसोटीवर लक्षणीय फरक आढळला नाही.

उलट बोळ्यांचे गणित साधे आहे. आवाज २० डेसिबलने घटला की कानात शिरणारी ध्वनिऊर्जा शंभरावा हिस्सा उरते. गोळीने ती कणभरही घटत नाही.

खरा धोका गोळीत नाही, तिने येणाऱ्या खोट्या धीरात आहे. ढोल-ताशा पथकातला आपला विद्यार्थी गोळी घेऊन उघड्या कानांनी ताशाशेजारी उभा राहिला, तर? म्हणून अशी जाहिरात वर्गात जरूर वाचावी आणि मुलांनाच विचारू द्यावे : प्रयोग कोणावर झाला? तुलना कोणाशी होती? आणि त्या वेळी कानांत काय होते?