दोन हजार आले, तोवर लावणी उरकली होती

2025 च्या ऑगस्टची सुरुवात. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमन काकांनी मोबाइल पुढे केला. "ताई, बघा जरा, सरकारचे पैसे पडले का?" पडले होते. पीएम-किसानचा विसावा हप्ता, दोन हजार रुपये. काका मंडणगड तालुक्यातले, नोकरी आमच्याकडे वांद्रे पूर्वेला, खेरवाडीत. गावी जेमतेम एकरभर भातशेती आणि वरकस जमिनीत थोडी नाचणी. पिकतं ते घरातच संपतं, विकण्याइतकं काही उरत नाही. "लावणी तर झाली," काका म्हणाले, "आता हे गणपतीला."

थेट रोख मदत हा माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे हे वाक्य डोक्यात अडकलं. त्याच दिवसांत मी या विषयावरचं भारतातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होते: 'बेसिक इन्कम: अ ट्रान्सफॉर्मेटिव्ह पॉलिसी फॉर इंडिया' (2015). लेखक चौघं: शरत दवला, रेनाना झाबवाला, सौम्या कपूर मेहता आणि गाय स्टँडिंग. पहिल्या वाचनात मी भारावले होते. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले.

प्रयोग थोडक्यात असा. मध्य प्रदेशात 2011 च्या सुमारास 'सेवा' संघटनेने, युनिसेफच्या पैशावर, आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम दिली. मोठ्या माणसाला 200 आणि मुलाला 100 रुपये, पुढे ते 300 आणि 150 झाले. कसली अट नाही, पावती नाही. तुलनेसाठी बारा गावं होती, तिथे पैसे दिले नाहीत. शिवाय भिल्लांच्या एका गावात वर्षभर 300 आणि 150 दिले आणि तसंच दुसरं एक गाव तुलनेला ठेवलं.

आपल्या विषयासाठी खरा मोलाचा भाग आहे तो भिल्लांच्या गावाचा. तिथली माणसं दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबू लागली. बियाणं घेतलं, जनावरं घेतली. जेवणात डाळ-भाजी वाढली. दारूवरचा खर्च वाढला नाही. "फुकटचे पैसे दिले की गरीब माणूस आळशी होतो" असं तुमच्या फॅमिली ग्रुपवर कुणी लिहिलं, तर त्याला हे प्रकरण जरूर पाठवा.

पण थांबा. एक गाव आणि तुलनेला एकच गाव! त्या एका गावात त्या वर्षी विहिरीला पाणी चांगलं असेल, जवळपास एखादं काम निघालं असेल, तर फरक पैशाचा की पाण्याचा, हे सांगायचं कसं? आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात की एकास एक तुलनेतून कारण सिद्ध होत नाही. लेखक मात्र तिथे फार पटकन 'परिवर्तना'वर पोचतात. दुसरी अडचण म्हणजे प्रयोग करणारी संघटना आणि या धोरणाची बाजू मांडणारी संघटना एकच. त्यांनी निम्मी गावं 'सेवा'चं काम नसलेली घेतली, ही प्रामाणिक काळजी आहे. तरी पुस्तकाचा सूर वकिलाचा आहे. न जमलेल्या गोष्टींना फारच कमी पानं मिळालीत.

मग मी हे पुस्तक बाजूला का टाकत नाही? कारण लेखक ज्या गोष्टी ओघात सांगतात, त्याच मला महत्त्वाच्या वाटतात: पैसे माणशी होते, मुलांचे पैसे आईच्या हातात जात होते आणि ते दर महिन्याला येत होते.

आपल्याकडचा हिशेब मांडून बघा. आईवडील आणि तीन मुलं असं घर धरलं, तर त्या गावात महिन्याला 1,050 रुपये येत. पीएम-किसानचे वर्षाला 6,000, म्हणजे महिन्याला 500. हा आकडा 2019 पासून हललेला नाही. महाराष्ट्राने 2023 मध्ये 'नमो शेतकरी'चे आणखी 6,000 जोडले, तेव्हा कुठे महिन्याचे 1,000 झाले. म्हणजे दहा वर्षांची महागाई सोडून दिली, तरी रक्कम त्या प्रयोगाहून थोडी कमीच.

आणि हे पैसे सातबारावरच्या नावाला मिळतात. काकांचं नाव सातबारावर आहे, खातं त्यांचं, एटीएम कार्डही त्यांच्याच खिशात, खेरवाडीत. तरवा, चिखलणी, लावणी हे सगळं गावी काकू बघतात. शेतीसाठीचा पैसा शेतीपासून कित्येक तासांच्या एसटी-प्रवासाइतका लांब पडतो.

वेळेचं तर विचारूच नका. 2024 मध्ये पावसाळ्याच्या तोंडचा हप्ता 18 जूनला आला, 2025 मध्ये 2 ऑगस्टला. पॉवर टिलरचं भाडं आणि लावणीच्या बायकांची मजुरी जुलैतच द्यावी लागते. केनियातल्या रारिएडा भागात योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी हाच मुद्दा तपासला (त्यांचा निबंध 2016 चा). दरमहा पैसे मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची ओढाताण जास्त कमी झाली. एकरकमी मिळालेल्यांनी पत्र्याचं छप्पर वगैरे टिकाऊ वस्तूंवर जास्त खर्च केला. आपला हप्ता दोन्हींच्या मधला: दरमहा नाही आणि छप्पर येईल एवढा मोठाही नाही.

काकूंना 2024 पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार मिळतात, स्वतःच्या खात्यात. त्या पैशांतून त्यांनी वाण्याची उधारी फेडली आणि यंदाची लावणीची मजुरी रोख दिली. हे ऐकून मी खूश झाले. मग आठवलं की एका गावावरून निष्कर्ष काढला म्हणून मी वर चौघांना नावं ठेवली आहेत आणि इथे तर एकच घर आहे. तेव्हा याला पुरावा म्हणू नका. माझ्या पुढच्या प्रश्नावलीतला एक प्रश्न म्हणा.

भिल्लांच्या गावातली माणसं मजुरी सोडून शेतात परतली, तसे काका परततील का? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार 2018-19 मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये होतं. त्यात पिकातून 3,798 आणि मजुरी-पगारातून 4,063. म्हणजे 'शेतकरी कुटुंब' शेतीपेक्षा नोकरी-मजुरीवर जास्त जगतं, आणि काकांच्या घरची ती बाजू आमच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेली असते. मी त्यांना सरळच विचारलं. ते म्हणाले, "हजार रुपयांत कोण घरी बसवतो ताई? पण हे पैसे जूनमध्ये आले असते, तर पंधरा दिवस बिनपगारी रजा टाकून लावणीला गेलो असतो."

यंदा ते गेले नव्हते.