अभ्यासपूरक अध्ययन आणि डिजिटल बॅज : व्यवस्थापनाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

विद्यार्थी महाविद्यालयात जे शिकतो ते सर्वच गुणपत्रिकेत उतरत नाही. श्रमसंस्कार शिबिरात गावकऱ्यांशी बोलून केलेले सर्वेक्षण, युवक महोत्सवातील एकांकिकेचे रंगमंच व्यवस्थापन, भित्तीपत्रकाचे संपादन या गोष्टींतून येणारे कौशल्य आजवर फार तर एका प्रमाणपत्रावर आणि फायलीतल्या छायाचित्रावर थांबत आले आहे. या अदृश्य अध्ययनाला दृश्य रूप देण्याचे साधन म्हणून गेल्या दशकभरात अनेक परदेशी विद्यापीठांनी डिजिटल बॅज ही पद्धती स्वीकारली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातही अभ्यासपूरक उपक्रमांना श्रेयांक मिळू लागल्याने या पद्धतीची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

संकल्पना आणि वाटचाल :

मोझिला फाउंडेशनने मॅकआर्थर फाउंडेशनच्या साहाय्याने २०११ मध्ये ‘ओपन बॅजेस’ हा प्रकल्प जाहीर केला. त्याचे पहिले प्रमाणित रूप २०१३ मध्ये आले. वरवर पाहता हा बॅज म्हणजे एक लहानसे चित्र. परंतु त्या चित्रातच माहिती गुंफलेली असते. बॅज कोणी दिला, कोणाला दिला, केव्हा दिला, कोणत्या निकषांवर दिला आणि त्यामागे पुरावा काय, हे सर्व पाहणाऱ्याला एका क्लिकसरशी वाचता यावे अशी ती रचना आहे. कागदी प्रमाणपत्र ‘सहभाग घेतला’ एवढेच सांगते; बॅजकडून ‘काय करता येते’ हे सांगण्याची अपेक्षा असते. या पद्धतीचे खरे सामर्थ्य निकष आणि पुरावा या दोन रकान्यांत आहे, चित्रात नाही.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २०१२ मध्ये ‘पासपोर्ट’ नावाची स्वतःची प्रणाली उभी केली, ती या दृष्टीने उल्लेखनीय होय. तेथे बॅज एकदम मिळत नसे. अध्यापक एका बॅजची छोट्या छोट्या कृतींमध्ये विभागणी करी, विद्यार्थी प्रत्येक कृतीचा पुरावा सादर करी आणि अध्यापकाने तो तपासून मान्य केल्यावरच बॅज प्राप्त होई. बॅजच्या व्यवस्थापनाचा गाभा तंत्रज्ञानात नसून कोणीतरी बसून पुरावा वाचण्यात आहे, हे या रचनेतून दिसते. दुर्दैवाने अनुकरण होते ते बहुधा चित्राचे.

ई-प्रमाणपत्रांचा पूर :

याचे जिवंत उदाहरण आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत दिसले. महाविद्यालये बंद असताना ऑनलाइन प्रश्नमंजूषांचे पेव फुटले. गूगल फॉर्मवर दहा-वीस बहुपर्यायी प्रश्न सोडवावेत, ठरावीक टक्के गुण मिळताच रंगीत ई-प्रमाणपत्र ई-मेलवर यावे, असा तो प्रकार होता. उत्तरांसह दुवे व्हॉट्सअॅप गटांवर फिरत. विद्यार्थ्यांप्रमाणे अध्यापकांनीही अशी प्रमाणपत्रे गोळा केली, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. आज नोकरीच्या मुलाखतीत ही प्रमाणपत्रे कोणी उघडूनही पाहत नाही. मात्र त्या गर्दीत ज्या विद्यार्थ्याने खरोखर महिनाभर राबून काही शिकले, त्याचा कागदही त्याच ढिगात गेला. नाव व ओळखी नसलेल्या, घरातून प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला असा कागदच आपली बाजू मांडण्याचे साधन असतो. अवमूल्यनाची झळ त्यालाच अधिक बसते.

याउलट राष्ट्रीय छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र पाहावे. त्याचा कागद साधाच आहे. परंतु त्यामागे वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण, कवायत, शस्त्रप्रशिक्षण, नकाशावाचन आणि परीक्षा आहे. म्हणूनच किमान ‘बी’ श्रेणीतील ‘सी’ प्रमाणपत्रधारकास सैन्याधिकारी भरतीच्या विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेविना निवड मंडळासमोर जाता येते. डिजिटल नसतानाही उत्तम बॅजचे सर्व गुण या प्रमाणपत्रात आहेत.

प्रेरणेचा प्रश्न :

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला बालवाडीतील प्रयोग येथे आठवतो. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढल्यास फीत आणि सोनेरी तारा मिळेल’ असे आधी सांगण्यात आले. पुढे बक्षिसाविना मोकळे सोडल्यावर या मुलांचा चित्रांत रमण्याचा वेळ इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच भरला. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले त्यांची आवड मात्र घटली नाही. बालकांवरील निष्कर्ष पदवीच्या विद्यार्थ्यांना जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. तरीही हौसेने नाटक करणाऱ्या मुलापुढे प्रत्येक तालमीला बॅज ठेवावा काय, याचा विचार विद्यापीठाने अवश्य करावा.

व्यवस्थापनातील अडचणी :

राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित असते. शंभर स्वयंसेवकांच्या एका एककास एक कार्यक्रम अधिकारी असतो. प्रत्येकास वर्षाला चार बॅज द्यायचे ठरले आणि एका बॅजचा पुरावा वाचण्यास पंधरा मिनिटे धरली, तर अधिकाऱ्यास केवळ वाचनासाठी शंभर तास लागतील. म्हणजे एका स्वयंसेवकाच्या वर्षभराच्या कामाच्या जवळपास. हा भार कार्यभारात धरला नाही तर पुराव्याचा रकाना रिकामा राहणार हे उघड आहे. नॅकच्या फायलीसाठी केवळ संख्या मोजली जात असेल तर तो रिकामाच राहावा अशी सोयही होते. थोडे बॅज देणे, प्रत्येकाचे निकष आधी जाहीर करणे आणि केवळ उपस्थितीसाठी बॅज न देणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

दुसरी अडचण जतनाची आहे. ओपन बॅजेसचे व्यवस्थापन २०१७ मध्ये आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे गेले. तिचेच नाव २०२२ पासून वनएडटेक झाले. मोझिलाची ‘बॅकपॅक’ ही बॅज साठवण्याची सेवा २०१९ मध्ये बंद होऊन वापरकर्त्यांना ‘बॅजर’ या प्रणालीकडे वळवण्यात आले आणि २०२२ मध्ये बॅजरही इन्स्ट्रक्चर कंपनीच्या ताब्यात गेले. क्रेडली ही दुसरी मोठी सेवा त्याच वर्षी पिअरसनने विकत घेतली. ज्या बॅजची पडताळणी देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर अवलंबून असते, तो बॅज संकेतस्थळ बंद पडताच निर्जीव होतो. आपल्या महाविद्यालयांची संकेतस्थळे किती वेळा बदलतात हे सर्वांस ठाऊक आहे. २०२४ च्या ओपन बॅजेस ३.० मध्ये स्वाक्षरीयुक्त, धारकाने स्वतःजवळ बाळगण्याजोग्या बॅजची सोय झाली आहे. नव्याने आरंभ करणाऱ्या विद्यापीठाने तिचाच आग्रह धरावा.

तिसरा मुद्दा भाषेचा. निकष इंग्रजीत लिहावेत असा संकेत पडू पाहतो आहे. वस्तुतः पुराव्याच्या रकान्यात मराठी मजकूर वा छायाचित्र ठेवण्यास तांत्रिक अडसर नाही. निवासी शिबिरात स्वयंसेवक रोजनिशी लिहितात. कोणत्या घरी गेलो, शोषखड्ड्यासाठी जागा का बदलावी लागली, ग्रामसभेत काय ठरले, हे त्या पानांवर मराठीत असतेच. शिबिर संपल्यावर त्या वह्या कपाटात जातात. बॅजचा पुरावा म्हणून या पानांहून अधिक विश्वसनीय असे काही नव्याने तयार करण्याची गरज नाही.