गळका तलाव कोणत्या विषयात येतो?

‘कुठेच प्रवेश मिळाला नाही, म्हणून जनरलला घातला,’ हे वाक्य निकालानंतर शिक्षकांच्या कानांवर हमखास पडते. सर्वसाधारण अभ्यासक्रम म्हणजे उरलेल्यांसाठी उरलेले विषय, ही समजूत त्यामागे आहे. ती तपासून पाहू.

राळेगणसिद्धीच्या शाळेने इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून दारे उघडली, हे आपण जाणतो. त्याच गावातला एक प्रश्न घेऊ. तिथला जुना पाझर तलाव पाणी धरत नव्हता. 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. आता वर्गात विचारा : पाझर तलाव पाझरण्यासाठीच असतो, मग त्याचे गळणे हा दोष कसा?

बांधातून निसटलेले पाणी ओढ्याने वाहून जाते; तळातून झिरपलेले पाणी झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टमध्ये उतरून विहिरीकडे सरकते. इथे दाब समजायला भौतिकशास्त्र हवे, खडकासाठी भूगोल आणि हिशेबासाठी गणित. एक हेक्टरवर 400 मिलिमीटर पाऊस म्हणजे 40 लाख लिटर पाणी! शिवाय वाढलेले पाणी ऊस पिऊन टाकणार की सर्वांना पुरणार, हा नागरिकशास्त्राचा प्रश्न उरतोच. असा प्रश्न एकाच विषयाच्या तासात मावत नाही. सर्वसाधारण अभ्यासक्रमाचे खरे काम इथे आहे.

शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या एक वर्षाच्या निवासी पदविकेत अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य ही चारही क्षेत्रे मुले हाताने काम करत शिकतात. शाळा सुटलेल्या मुलालाही तिथे जागा असते. हा अभ्यासक्रम आम्हांला मोलाचा वाटतो. कारण त्यात काम विषयांना एकत्र बांधते.

याउलट अनेक ‘जनरल’ अभ्यासक्रमांत सहा विषयांची सहा पुस्तके असतात आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. विद्यार्थी सर्व काही थोडे थोडे पाठ करतो आणि गळका तलाव त्याला दिसतच नाही. दोष व्याप्तीचा नाही, सांधे नसण्याचा आहे.

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. व्यापक शिक्षणाच्या नावाखाली निर्णय पुढे ढकलता येतो. गरीब घरातल्या मुलाला वर्ष वाया घालवणे परवडत नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांतही असा अभ्यासक्रम निवडताना, इथले श्रेयांक पुढे विद्यापीठ मान्य करील का, हे आधी पाहावे लागते. म्हणून विद्यार्थ्याला सल्ला देण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचाराव्यात : प्रत्यक्ष काम किती? निरनिराळे विषय एखाद्या प्रश्नावर एकत्र येतात का? आणि इथून पुढे कोणत्या शिक्षणाची वाट उघडते?

तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर तो अभ्यासक्रम निःशंकपणे सुचवावा, हुशार विद्यार्थ्यालासुद्धा. नसतील, तर नापास मुलालाही तिकडे ढकलू नये. एकदा नापास झालेल्याला दुसऱ्यांदा फसवण्याचा अधिकार आपल्याला नाही.