गेंड्यांच्या बाँडमध्ये जोखीम नेमकी कुणाची?

मार्च 2022 मध्ये जागतिक बँकेने 15 कोटी डॉलरचा एक बाँड काढला. अधिकृत नाव वन्यजीव संवर्धन बाँड, पण सगळे त्याला ‘ऱ्हायनो बाँड’च म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतलं अ‍ॅडो एलिफंट राष्ट्रीय उद्यान आणि ग्रेट फिश रिव्हर अभयारण्य इथल्या काळ्या गेंड्यांसाठी हा खटाटोप. निसर्गरक्षणात खासगी पैसा कसा आणायचा, ही चर्चा निघाली की हे उदाहरण हमखास येतं. म्हणून ते जरा उसवून पाहू.

रचना अशी आहे. साध्या बाँडवर गुंतवणूकदाराला ठरावीक काळाने व्याज मिळतं. इथे पाच वर्षं ते मिळत नाही. त्याऐवजी साधारण 1 कोटी डॉलर या दोन ठिकाणी संवर्धनासाठी जातात. मुदत संपली की मुद्दल परत, आणि गेंडे वाढले असतील तर वर बक्षीस. वाढ नसेल तर बक्षीस शून्य. वाढीचा दर वर्षाला 4 टक्क्यांच्या वर गेला तर पूर्ण, म्हणजे 1 कोटी 37 लाख 60 हजार डॉलर.

आता विचारा, हे बक्षीस देणार कोण? ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी. तिची तिजोरी भरतात देशोदेशीची सरकारं, म्हणजे शेवटी करदाते. मुद्दलाची हमी जागतिक बँकेची, आणि तिची पत सर्वोच्च. शिवाय 100 डॉलरचा बाँड विकला गेला सुमारे 95 डॉलरला. गेंडे घटले तरी ते वरचे पाच डॉलर पक्केच! गुंतवणूकदाराने पणाला लावलं ते फक्त उरलेलं व्याज.

दुसरी बाजूही मांडायला हवी. नेहमीच्या अनुदानात पैसे खर्च झाले की काम झालं, असं धरलं जातं. इथे गेंडे मोजावे लागतात, आणि तो आकडा त्रयस्थ संस्था तपासते. प्रयोग फसला तर सार्वजनिक पैसा वाचतो, आणि संवर्धनाचा पैसा तोवर पोचलेला असतो. हे कमी नाही.

माझा आक्षेप ‘नवा पैसा’ या शब्दांना आहे. काम यशस्वी झालं, तर ही चक्क सार्वजनिक पैशावर घेतलेली उचल ठरते: आज 1 कोटी हातात, उद्या सरकारी निधीतून जास्तीत जास्त पावणेचौदा दशलक्ष डॉलर.

दुसरा आक्षेप मुदतीला. काळ्या गेंड्याची मादी सुमारे पंधरा महिने गाभण असते आणि दोन पिल्लांत काही वर्षांचं अंतर पडतं. पाच वर्षांत एका मादीमागे एखाद-दुसरं पिल्लू. एवढ्या काळात एखादा दुष्काळही आकडा फिरवू शकतो, मग रक्षकांनी कितीही जीव ओतून काम केलेलं असो.

बाँडची मुदत 2027 मध्ये संपते. रक्षकांचे पगार, कुंपणाची डागडुजी मात्र चालूच राहणार. म्हणून पुढच्या वेळी असा बाँड दिसला, तर किती कोटींचा आहे हे नंतर बघा. आधी विचारा: सहाव्या वर्षी पैसे कोण देणार?