हवाना ते मालेगाव : भारत-पाकिस्तान संयुक्त दहशतवादविरोधी यंत्रणेची चिकित्सा

प्रस्तावना

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावातील बडा कब्रस्तान व मुशावरत चौक परिसरात झालेल्या बॉम्बस्फोटांत तीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर आठ दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, हवाना येथे अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेच्या वेळी पंतप्रधान मनमोहन सिंग व राष्ट्राध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी संयुक्त दहशतवादविरोधी यंत्रणा स्थापन करण्याचे जाहीर केले. या घोषणेची पार्श्वभूमी ११ जुलैच्या मुंबई लोकल स्फोटांची होती. मालेगावशी तिचा थेट संबंध नव्हता. तथापि ही यंत्रणा का फसली हे समजून घ्यायचे, तर मालेगावच्या अनुभवाकडे वळावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शस्त्रविषयक करारांचा अनुभव

या दोन राष्ट्रांतील प्रत्येक करार कोलमडतो, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. आण्विक आस्थापनांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला. त्यानुसार १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी याच तारखेला आस्थापनांच्या याद्यांची देवाणघेवाण होत आली. कारगिल युद्ध वा नोव्हेंबर २००८ चा मुंबई हल्ला यांमुळेही तीत खंड पडला नाही. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री समझोता एक्स्प्रेसमध्ये स्फोट होऊन ६८ प्रवासी दगावले. त्यांत पाकिस्तानी नागरिकांची संख्या मोठी होती. तरीही २१ फेब्रुवारी रोजी अण्वस्त्रविषयक अपघातांचा धोका कमी करण्याच्या करारावर नवी दिल्लीत स्वाक्षऱ्या झाल्या.

या करारांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीच्या करारात प्रत्यक्ष स्थळपाहणीची तरतूद होती. तशी येथे नाही. परंतु येथे मागणी माफक आहे. प्रत्येक पक्षाने केवळ स्वतःविषयीची माहिती, ठरलेल्या वेळी, द्यावयाची असते. दोषाचा निवाडा कोणालाच करावा लागत नाही.

संयुक्त यंत्रणेची मर्यादा

दहशतवादविरोधी यंत्रणेचे स्वरूप नेमके उलट होते. तिची पहिली बैठक मार्च २००७ मध्ये इस्लामाबाद येथे झाली व दर तीन महिन्यांनी भेटण्याचे ठरले. प्रत्यक्षात पुढची बैठक ऑक्टोबरमध्ये झाली. एका राष्ट्राने पुरावा सादर करावा आणि दुसऱ्याने आपल्याच भूमीवरील व्यक्तींविरुद्ध कारवाई करावी, अशी येथे अपेक्षा होती. पुराव्याची शहानिशा करणारा तिसरा घटक मात्र कोठेच नव्हता. २६ नोव्हेंबर २००८ नंतर ही यंत्रणा निष्प्रभ झाली. पाकिस्तानने लष्कर-ए-तैयबासारख्या संघटनांना दिलेला आश्रय हे त्याचे प्रमुख कारण होय, यात शंका नाही. पण एवढ्यावर चिकित्सा थांबविणे योग्य ठरणार नाही.

मालेगावचा संदर्भ

२००६ च्या मालेगाव स्फोटांप्रकरणी दहशतवादविरोधी पथकाने स्थानिक मुस्लिम तरुणांना अटक केली. पुढे राष्ट्रीय तपास संस्थेच्या तपासात संशयाची दिशाच बदलली आणि २०१६ मध्ये या तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या भिक्कू चौकातील स्फोटात सहा जणांचा बळी गेला; त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. समझोता प्रकरणातील चार आरोपींची मुक्तता २० मार्च २०१९ रोजी झाली. मुंबई लोकल स्फोटांतील बाराही आरोपींना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी दोषमुक्त केले आणि हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

या निकालांचे गुणदोष हा येथील विषय नाही. प्रश्न असा की, जो पुरावा स्वतःच्या न्यायालयात टिकत नाही, तो शेजारी राष्ट्राच्या हाती देऊन काय साधणार? सदोष तपासामुळे निरपराध व्यक्तीची वर्षे तुरुंगात जातात, मृतांच्या कुटुंबीयांना उत्तर मिळत नाही आणि कारवाई टाळू इच्छिणाऱ्या राष्ट्राला आयती सबब मिळते.

निष्कर्ष

भविष्यात अशी यंत्रणा पुन्हा उभी राहिलीच, तर तिने प्रारंभी याद्यांच्या कराराचा धडा गिरवावा : माफक विषय, निश्चित तारीख, ठरीव नमुना. चोरीस गेलेली स्फोटके, बनावट पारपत्रे यांसारख्या माहितीपासून आरंभ करता येईल. तथापि तिचे खरे बळ दोन्ही देशांतील तपासाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहील. ती जबाबदारी कोणत्याही शिखर परिषदेवर सोपविता येत नाही. ती ज्या त्या देशाच्या पोलीस ठाण्यापासून सुरू होते.