कानाशी आलेला विरह

प्रतीक कुहाडच्या कार्यक्रमात श्रोतेच त्याच्यापेक्षा मोठ्यानं गातात. रात्री दिवा मालवून एकट्यानं ऐकावीत अशी गाणी, आणि ती तोंडपाठ म्हणत असतात हजारो मुलं-मुली. हा विरोधाभास गमतीचा वाटतो, पण आजच्या स्वतंत्र हिंदी-इंग्रजी गीतकारांचं बळ आणि दुबळेपण, दोन्ही त्यात आहे.

कुहाड जयपूरचा. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकून आला आणि दिल्लीत गाणी करू लागला. २०१५ मध्ये ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ हा पहिला अल्बम आला, २०१८ मध्ये ‘कोल्ड/मेस’ ही सहा इंग्रजी गाण्यांची ईपी. २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत तिचं शीर्षकगीत घातलं. वर्षभरात अमेरिकेतल्या इलेक्ट्रा रेकॉर्ड्सशी त्याचा करार झाला. ओबामांमुळे नाव झालं हे खरं, पण गाणं त्याआधीच कॉलेजच्या वसतिगृहांत पोचलं होतं.

त्यात काय आहे? मोडून गेलेलं प्रेम नाही, मोडत असलेलं आहे. सोडून जावं हे कळतंय, पाय मात्र निघत नाही. दोष कोणाचा, याचा निवाडा गाणं करत नाही. आपल्याच मनाच्या गोंधळाची कबुली देऊन थांबतं. आपल्या चित्रपटगीतांत एकतर मीलन असतं नाहीतर बेवफाई. ही मधली चिखलवाट तिथं फारशी येत नाही.

या जवळिकीमागे तंत्र आहे, आणि ते अमेरिकेतल्या एलियट स्मिथ या गायक-गीतकारापासून येतं. कुहाड त्याचं ऋण उघडपणे मानतो. स्मिथ माइक तोंडाशी धरल्यासारखा पुटपुटायचा, तीच ओळ पुन्हा गाऊन पहिल्या आवाजावर चढवायचा. दोन आवाजांत केसाएवढा फरक राहतो आणि माणूस स्वतःशीच बोलतोय असं वाटतं. प्रतिध्वनी कमी, श्वास मुद्दाम राखलेला, गिटारच्या तारेवर बोट सरकल्याचा आवाजही पुसलेला नाही. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या गायकाला हे जमणार नाही, त्याला ते शिकवलेलंच नसतं.

मराठी कानाला यात भावगीताची आठवण येते. पण कवी पाडगावकर, संगीतकार खळे आणि गायक अरुण दाते हे तीन वेगळे लोक होते. कवीच्या शब्दाला संगीतकार हटकू शकत होता, गायक दोघांनाही. स्वतः लिहून स्वतः गाणारे संदीप खरे आपल्याकडे आहेत, पण अशी नावं बोटांवर मोजावी लागतात. नव्या गीतकाराचा सगळा कारखाना एकट्याचा. लॅपटॉप, माइक, गिटार. दुःख थेट येतं, हा फायदा. ‘ही ओळ पडेल आहे’ असं सांगणारं कोणी नसतं, हा तोटा.

हा तोटा आता जाणवू लागलाय. कुहाडचं ‘कसूर’ २०२० च्या टाळेबंदीत आलं. त्याच्या व्हिडिओत प्रेमाच्या आठवणी विचारल्यावर लोकांच्या चेहऱ्यांवर काय उमटतं, ते दिसतं. कोणी लाजतं, कोणाचे डोळे भरतात. व्हिडिओ सुंदर आहे, आणि चलाखही. कारण गाण्यातला ‘तू’ इतका मोकळा ठेवलाय की ज्यानं त्यानं आपलं माणूस तिथं बसवावं. एकदा हे शोभतं. पण ‘तू’ला ना गाव, ना सवय, ना एखादं चिडवणारं वाक्य, अशी गाणी रांगेनं येऊ लागली की विरह हा तयार कपड्यांसारखा होतो: सगळ्यांना बसतो, कोणाच्याच मापाचा नसतो. लुधियानाच्या अनुव जैनची चाल गोड असते, ‘बारिशें’ मलाही आवडतं. पण पाऊस, रात्र, डोळे या पलीकडे शब्द क्वचितच जातात. १९९६ च्या ‘सुनो’ या अल्बममधल्या लकी अलीच्या आवाजात निदान एक भटका माणूस दिसायचा.

बाजाराचाही यात हात आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणं ऐकल्याची नोंद होत नाही. मग लांब सुरावट कापली जाते, भावना पहिल्याच ओळीत ओतली जाते. आणि ‘उदास’ नावाच्या यादीत शिरायचं, तर गाण्यातला राग, मत्सर, हलकटपणा आधी गाळावा लागतो. खरा हळवेपणा मात्र त्या गाळलेल्यातच असतो. मी दुखावलो, हे सांगायला फार धैर्य लागत नाही. मी दुखावलं, हे सांगायला लागतं.

कुहाडच्या २०२२ च्या ‘द वे दॅट लव्हर्स डू’ या अल्बमवर निर्माता रायन हॅडलॉकनं चांगली कारागिरी केलीय, वाद्यमेळ भरदार आहे. तरी ‘कोल्ड/मेस’ची बोच तिथं नाही. त्याचं एकच काही ऐकायचं असेल, तर तीच ईपी ऐका, आणि फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून.