रोमचे रिंगण, देवासचे अंगण

समाजाची पारख त्याच्या ग्रंथांवरून करतात. ती त्याच्या खेळांत व उत्सवांत कोण कोठे बसतो यावरूनही करावी, असे आम्हांस वाटते.

रोमचे कोलोसियम घ्या. सम्राट वेस्पासियनने आरंभिलेली ही वास्तू त्याचा पुत्र टायटस याने इ. स. ८० मध्ये लोकांस खुली केली आणि शंभर दिवस खेळ करविले. लांबी १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर. तळाशी ८० कमानी, त्यांपैकी ७६ क्रमांकित. ज्याचा जो क्रमांक, त्याने त्याच कमानीतून शिरून नेमलेला जिना चढावा. हजारोंचा जमाव विनासायास आत येई व बाहेर पडे. रचना म्हणून ही योजना अजोड होय.

परंतु या जिन्यांनी आणखी एक काम केले. त्यापूर्वीच ऑगस्टसने खेळांच्या आसनांविषयी कायदा केला होता. सिनेटरांस पहिली रांग, सैनिक नागरिकांपासून वेगळे, विवाहितांस निराळ्या रांगा आणि ग्लॅडिएटरांची द्वंद्वे पाहावयाची तर स्त्रियांनी सर्वांत वर बसावे. कोलोसियमने असा कायदा दगडात बांधून काढला. खाली वाळूवर गुलाम आणि दंडित मरत. वर बसलेल्या सर्वांस एकच समाधान समान होते : आपण खाली नाही.

माळव्यात दगडाने वेगळे काही राखले. धार येथे १९०३ साली सापडलेल्या शिळेवर मदनकवीच्या ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचे पहिले दोन अंक कोरलेले आहेत. तेराव्या शतकात, अर्जुनवर्म्याच्या काळी, धारानगरीच्या वसंतोत्सवासाठी ती रचली गेली. शब्द उरले, प्रेक्षक कोठे बसले ते मात्र शिळा सांगत नाही. त्यासाठी शेजारच्या देवासकडे वळावे लागते.

१९२१ साली इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर हे देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. राजवाड्यातील गोकुळाष्टमीचे त्यांनी केलेले वर्णन ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात आहे. त्यांस तेथे गोंगाट, अव्यवस्था आणि रुचिहीन सजावट दिसली. महाराजांच्या भक्तीने मात्र ते हेलावले. त्यांचा आकारहीनतेचा आक्षेप आम्हांस अपुरा वाटतो. जेथे राजा स्वतः देवापुढे गातो, नाचतो, तेथे राजासाठी प्रेक्षकाचे आसन उरतच नाही. आसनांची उतरंड मोडली की परक्यास ती अव्यवस्थाच भासणार. अखेरीस मातीचे गोकुळ तलावात सोडले जाई. रोमच्या दगडी रांगांप्रमाणे ते कायम राहण्यासाठी केलेलेच नव्हते.

तथापि वकिलाने एकाच बाजूचा पुरावा पुढे करू नये. देवासच्याच अनुभवावर रचलेल्या ‘ए पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीच्या शेवटच्या भागात फॉर्स्टर एक बारीक गोष्ट टिपतात : अस्पृश्य झाडूवाल्यांनी आपले वाद्य वाजविल्यावाचून देव मंदिराबाहेर पडू शकत नाही. ज्यांच्यावाचून उत्सव अपुरा, त्यांसच समाजाने दूर ठेवलेले. हे निरीक्षण आमच्या मते गोंगाटाच्या टीकेहून कितीतरी खोल आहे, आणि आमच्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

रोमच्या रक्तपाताचा धिक्कार करणे सोपे आहे. आमच्या उत्सवांत कोणी मरत नाही, हे खरे. पण पालखीला खांदा कोणाचा, पहिले तीर्थ कोणास, यांवरून आम्ही न्यायालयाची पायरी चढतो, तेव्हा आमच्याही मनात एक क्रमांकित कमान उभी असतेच. ती दगडाची नाही म्हणून मोडण्यास सोपी असावी. अनुभव उलटा आहे. पुढील उत्सवात देवाकडे पाहावेच. मात्र एकदा मागे वळून कोण कोठे उभे आहे, आणि कोणास उभे राहण्यास जागाच नाही, तेही पाहावे.